इंग्रजीतील ‘रन’ : वाक्यातला नेमका अर्थ कसा ठरवावा

इंग्रजी मजकूर वाचताना किंवा त्याचा मराठीत अनुवाद करताना अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे शब्दच अधिक घात करतात, कारण अनोळखी शब्दापाशी आपण आपोआप थांबतो आणि ओळखीच्या शब्दावरून बेसावधपणे पुढे जातो. ‘रन’ म्हणजे धावणे हे शाळेत पाठ झालेले असते. मग ‘शी रन्स अ स्मॉल स्कूल’ या वाक्यापाशी वाचक अडखळतो, कोश उघडतो, लांबलचक नोंद पाहून गांगरतो आणि पहिलाच अर्थ उचलतो. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या सुधारित आवृत्तीत या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले होते. एवढे अर्थ पाठ करणे कोणालाही शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. गरज आहे ती कामाचा क्रम बदलण्याची. कोश उघडण्यापूर्वी वाक्याची तपासणी पूर्ण झालेली असली, तर कोशातले बहुतेक अर्थ आपोआप बाद होतात आणि निवड दोन-तीन अर्थांपुरती उरते. हा क्रम पुढे टप्प्याटप्प्याने दिला आहे. उदाहरणे ‘रन’ची असली, तरी ‘सेट’, ‘टेक’, ‘गेट’ यांसारख्या शब्दांनाही तो तसाच लागू पडतो.

पूर्वतयारी

अडलेला शब्द एकटा टिपून घेऊ नये. ज्या वाक्यात तो आला आहे ते पूर्ण वाक्य, त्याच्या आधीचे एक आणि नंतरचे एक वाक्य समोर असले पाहिजे. ‘ही रॅन’ एवढ्या तुकड्यावरून कोणीही काही सांगू शकणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

कोश दोन प्रकारचे जवळ असावेत. पहिला, इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी–इंग्रजी कोश, ज्याला लर्नर्स डिक्शनरी म्हणतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन आणि कॉलिन्स या चारही प्रकाशनांचे असे कोश आहेत. त्यांत अर्थांची मांडणी साधारणपणे वापराच्या प्रमाणानुसार असते, प्रत्येक अर्थापुढे व्याकरणाची खूण असते आणि उदाहरणवाक्ये असतात. दुसरा, इंग्रजी–मराठी कोश. पण तो अगदी शेवटच्या टप्प्यासाठी. ऐतिहासिक बृहत्कोशातून अर्थ शोधण्याचा मोह टाळावा, कारण तेथे अर्थ कालक्रमाने लावलेले असतात आणि सर्वांत वर असलेला अर्थ आज वापरातून गेलेलाही असू शकतो.

पेन्सिल हाताशी ठेवावी. पुढच्या तीन टप्प्यांत वाक्यावर खुणा करायच्या आहेत, आणि त्या डोळ्यांसमोर दिसल्या की अर्धे काम होते.

टप्पा १ : शब्दाचे रूप ओळखणे

सर्वप्रथम, हा शब्द वाक्यात क्रियापद आहे, नाम आहे की विशेषणासारखा वापरला आहे, हे ठरवावे. त्याच्या आधी ‘अ’, ‘द’, ‘हिज’ किंवा एखादे विशेषण असेल, तर तो बहुधा नाम असतो : ‘अ ट्रायल रन’. त्याच्या आधी कर्ता किंवा साहाय्यक क्रियापद असेल, तर तो क्रियापद असतो.

येथे दोन रूपे हमखास चकवतात. वर्तमानकाळातले रूप आणि भूतकालवाचक धातुसाधित दोन्ही ‘रन’च आहेत, केवळ साध्या भूतकाळात ‘रॅन’ होते. त्यामुळे ‘द स्कूल इज रन बाय अ ट्रस्ट’ हे वाक्य कर्मणी आहे, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. शाळा काहीच करत नाही. ती एका ट्रस्टतर्फे चालवली जाते. दुसरे रूप ‘रन्स’. ते एकवचनी कर्त्याचे क्रियापदही असते आणि नामाचे अनेकवचनही. त्यातही ‘द रन्स’ असे नुसतेच आले आणि संदर्भ पोटाचा असला, तर बोली इंग्रजीत त्याचा अर्थ जुलाब असा होतो. तेथे क्रिकेटच्या धावा मोजत बसल्यास भलताच विनोद होईल.

‘रनिंग’ या रूपाची जागा पाहावी. नामाच्या आधी आल्यास ते विशेषण असते : ‘रनिंग वॉटर’ म्हणजे वाहते पाणी, आणि घराच्या सोयींच्या यादीत असेल तर नळाचे पाणी, ‘रनिंग टोटल’ म्हणजे प्रत्येक नोंदीबरोबर वाढत जाणारी चालू बेरीज. कालावधीच्या नंतर आल्यास त्याचा अर्थ ‘सलग’ असा होतो. ‘इट रेन्ड फॉर थ्री डेज रनिंग’ म्हणजे सलग तीन दिवस पाऊस पडला. या वाक्यात कोणी धावत असल्याचे भाषांतर विद्यार्थ्यांच्या वह्यांत नेमाने सापडते.

पडताळणी : शब्दावर ‘क्रि’, ‘ना’ किंवा ‘वि’ अशी खूण केल्याशिवाय पुढे जाऊ नये. खूण करता येत नसेल, तर वाक्याची रचनाच उमगलेली नाही असे समजून कर्ता आणि क्रियापद पुन्हा शोधावे.

टप्पा २ : मागोमाग आलेला छोटा शब्द तपासणे

क्रियापद असेल, तर त्याच्या पाठोपाठ ‘आउट’, ‘अप’, ‘डाउन’, ‘ओव्हर’, ‘इन्टू’, ‘थ्रू’, ‘ऑफ’, ‘ऑन’, ‘फॉर’ यांपैकी काही आहे का, हे पाहून त्याखाली रेघ मारावी. सर्वाधिक चुका येथेच होतात, म्हणून या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा.

हा छोटा शब्द दोन प्रकारे येतो. कधी तो केवळ दिशा किंवा जागा दाखवतो, कधी क्रियापदाशी जोडला जाऊन नवा अर्थ तयार करतो. ‘ही रॅन अप अ हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’ या वाक्यांत एका अक्षराचा फरक आहे. पहिल्यात तो टेकडीवर धावत चढला. दुसऱ्यात त्याने बिल वाढवून ठेवले. फरक ओळखण्यासाठी नामाच्या जागी ‘इट’ घालून पाहावे. बिलाच्या बाबतीत ‘रॅन इट अप’ अशी रचना होते, म्हणजे ‘अप’ हा क्रियापदाचा भाग आहे. टेकडीच्या बाबतीत ‘रॅन अप इट’ अशीच रचना होऊ शकते, म्हणजे ‘अप’ टेकडीशी जोडलेला आहे.

सावधान : ही चाचणी सगळीकडे चालत नाही. ‘रन इन्टू’ आणि ‘रन अक्रॉस’ यांत कर्म नेहमी शेवटीच येते, तरीही अर्थ विशेष असतो. ‘आय रॅन इन्टू ॲन ओल्ड फ्रेंड’ म्हणजे जुना मित्र अचानक भेटला. त्याला धडक दिली असा अर्थ घ्यायचा असेल, तर आसपास गाडी, भिंत किंवा अपघात यांचा उल्लेख असला पाहिजे. ‘द प्रोजेक्ट रॅन इन्टू ट्रबल’मध्ये काम अडचणीत सापडते.

काही जोड्यांत कर्ता बदलला की वाक्य उलटते. ‘टाइम हॅज रन आउट’मध्ये संपणारी वस्तू कर्ता आहे. ‘वी हॅव रन आउट ऑफ टाइम’मध्ये ज्यांच्याजवळची वस्तू संपली ते कर्ता आहेत. मराठीत मात्र दोन्हीकडे ‘वेळ संपली’ हेच नीट वाटते. ‘आम्ही वेळेच्या बाहेर धावलो’ असे काही लिहिले जाऊ नये, एवढ्यासाठी ‘ऑफ’वर लक्ष ठेवावे.

‘ओव्हर’पुढे सजीव कर्म आणि वाहन हा कर्ता असेल, तर गाडीखाली येण्याचा अर्थ घ्यावा. कर्म नसेल आणि कर्ता सभा किंवा कार्यक्रम असेल, तर तो ठरलेल्या वेळेपेक्षा लांबला. मुद्दे, यादी किंवा संवाद हे कर्म असेल, तर त्यावरून पुन्हा एकदा झटपट नजर फिरवली.

‘फॉर’ मात्र तीन ठिकाणी घेऊन जातो आणि त्याच्या पुढचा शब्दच निकाल लावतो. पुढे कालावधी असेल, तर चालू राहणे : ‘द प्ले रॅन फॉर टू इयर्स’, नाटक दोन वर्षे चालले. पुढे पद असेल, तर निवडणूक लढवणे : ‘शी रॅन फॉर प्रेसिडेंट’. हा प्रयोग मूळचा अमेरिकन आहे. ब्रिटिश इंग्रजीत त्या जागी ‘स्टँड’ हे क्रियापद रूढ आहे. पुढे बस किंवा दार यांसारखे काही असेल, तर मात्र खरोखर धावणे.

‘डाउन’चेही तसेच. बॅटरी ‘रन डाउन’ होते तेव्हा ती उतरते; माणूस दुसऱ्याला ‘रन डाउन’ करतो तेव्हा, गाडीचा संदर्भ नसेल तर, तो त्याची निंदा करतो. जोडरेघ देऊन ‘रन-डाउन’ असे विशेषण आले, तर इमारत मोडकळीस आलेली असते आणि माणूस थकून गेलेला. जोडून एकच नाम झाले, तर ‘रनडाउन’ म्हणजे मुद्द्यांचा थोडक्यात आढावा. जोडरेघ छपाईत किरकोळ दिसते, पण ती शब्दाची जात बदलते.

टप्पा ३ : कर्ता आणि कर्म यांची जात पाहणे

मागे छोटा शब्द नसेल, किंवा असला तरी त्याने उलगडा झाला नसेल, तर दोन प्रश्न विचारावेत. कोण किंवा काय ‘रन’ करत आहे? आणि कशाला?

कर्म नसेल, तर सारा भार कर्त्यावर येतो. कर्ता माणूस किंवा प्राणी असेल, तर धावणे किंवा पळणे. यंत्र असेल, तर चालू असणे. बस किंवा रेल्वे असेल, तर ठरावीक मार्गावर ये-जा करणे. रस्ता, तार, भिंत, व्रण यांपैकी काही असेल, तर एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाणे : ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर’, रस्ता नदीच्या कडेने जातो. करार किंवा अभ्यासक्रम असेल, तर अमुक काळ लागू असणे किंवा चालणे.

द्रवांच्या बाबतीत मराठीची समृद्धी इंग्रजीहून जास्त आहे आणि तीच अडचण ठरते. नदी वाहते, नळ चालू असतो, नाक गळते, डोळ्यांतून पाणी येते, आणि कपड्याचा रंग सुटतो. ‘द कलर्स रॅन इन द वॉश’ या वाक्याचे ‘धुतल्यावर रंग उतरले’ असे भाषांतर वारंवार दिसते. पण रंग उतरणे म्हणजे फिका पडणे, त्यासाठी इंग्रजीत ‘फेड’ आहे. येथे एका कपड्याचा रंग सुटून दुसऱ्याला लागला आहे.

क्रियापदापुढे कर्माऐवजी विशेषण आले असेल, तर ती वेगळीच रचना आहे. ‘द वेल रॅन ड्राय’, ‘सप्लाइज आर रनिंग लो’ यांत ‘रन’चा अर्थ ‘होत जाणे’ एवढाच उरतो : विहीर आटली, साठा संपत आला. ओळखण्याची युक्ती म्हणजे ‘रन’च्या जागी ‘बिकम’ घालून पाहणे; वाक्य ढोबळमानाने टिकले, तर अर्थाचा भार त्या विशेषणावर आहे.

कर्म असेल, तर कर्ता दुय्यम ठरतो आणि कर्म निर्णय देते. शाळा, दुकान किंवा संस्था हे कर्म असेल, तर चालवणे. चाचणी असेल, तर घेणे. धोका असेल, तर पत्करणे. ताप असेल, तर ‘शी इज रनिंग अ फीव्हर’ म्हणजे तिला ताप आहे, एवढेच. बातमी किंवा जाहिरात असेल, तर छापणे अथवा प्रसारित करणे. केबल असेल, तर टाकणे. बोटे किंवा नजर असेल, तर फिरवणे. लाल दिवा असेल, तर सिग्नल तोडणे. हाही अमेरिकन प्रयोग आहे. शस्त्रे असतील, तर चोरटी वाहतूक करणे. अंतर किंवा शर्यत असेल, तर आपले जुने धावणे परत येते.

सावधान : कर्म व्यक्ती असेल आणि पुढे ‘टू’सह ठिकाण असेल, तर गाडीने सोडणे असा अर्थ होतो. ‘आय विल रन यू टू द स्टेशन’ या वाक्यात कोणी कोणाला धावायला लावत नाही.

टप्पा ४ : नाम असेल, तर त्याची चौकट शोधणे

नाम असलेला ‘रन’ बहुधा एखाद्या ठरीव शब्दसमूहात असतो. म्हणून त्याच्या आधीचे दोन व नंतरचे दोन शब्द एकत्र घेऊन शोध घ्यावा. ‘इन द लाँग रन’ म्हणजे दीर्घकाळाचा विचार करता. ‘ऑन द रन’ म्हणजे फरार, पण वाक्य जेवणाचे किंवा कामाचे असेल, तर घाईगडबडीत. ‘अ रन ऑफ बॅड लक’ म्हणजे एकामागून एक आलेले दुर्दैवाचे प्रसंग. ‘ड्राय रन’चा पाण्याशी काही संबंध नाही, ती रंगीत तालीम असते. ‘रन-ऑफ-द-मिल’ हे विशेषण सामान्य, नेहमीच्या धाटणीच्या गोष्टीला लावतात.

टप्पा ५ : मजकुराचे क्षेत्र निश्चित करणे

आतापर्यंतच्या छाननीनंतरही दोन अर्थ उरत असतील, तर मजकूर कोणत्या विषयाचा आहे हे पाहावे. ‘अ रन ऑन द बँक’ ही अर्थव्यवहारातली संज्ञा आहे : बँक बुडेल या भीतीने ठेवीदारांची पैसे काढण्यासाठी एकाच वेळी उडालेली झुंबड. छपाईत ‘प्रिंट रन’ म्हणजे एका खेपेला छापलेल्या प्रतींची संख्या. नाट्यव्यवसायात ‘रन’ हा प्रयोगांचा सलग काळ, क्रिकेट आणि बेसबॉलमध्ये धाव, बर्फावरील खेळांत घसरण्याचा आखलेला उतार, आणि कुक्कुटपालनात कोंबड्यांना फिरण्यासाठी जाळीने बंदिस्त केलेली जागा. संगणकाच्या लिखाणात क्रियापद व नाम दोन्ही प्रोग्राम चालवण्याशी निगडित असतात.

पडताळणी : क्षेत्र ठरवताना मथळ्यावर विसंबू नये. अर्थविषयक लेखातही ‘रन’ साधे चालवणे असू शकते. तीन वाक्यांच्या टप्प्यात त्या क्षेत्राचा दुसरा एखादा शब्द सापडतो का, हे पाहावे.

टप्पा ६ : आता कोश उघडणे

कोशात प्रथम शब्दाची जात गाठावी. नामाची आणि क्रियापदाची नोंद वेगळी असते. छोटा शब्द जोडलेला असेल, तर मुख्य नोंदीत वेळ घालवू नये, कारण फ्रेजल व्हर्ब नोंदीच्या शेवटी स्वतंत्र दिलेली असतात. त्यानंतर अर्थाच्या व्याख्या वाचण्याआधी उदाहरणवाक्ये वाचावीत. आपल्या वाक्यासारखाच कर्ता किंवा कर्म असलेले उदाहरण सापडले की मग त्याची व्याख्या वाचावी, आणि शेवटी व्याकरणाची खूण जुळते का ते पाहावे. आपले वाक्य सकर्मक आणि निवडलेला अर्थ अकर्मक असेल, तर तो अर्थ कितीही आकर्षक वाटला तरी सोडून द्यावा.

नोंदीवरील ब्रिटिश, अमेरिकन, अनौपचारिक, जुना प्रयोग अशा सूचना वगळण्याची सवय वाईट आहे. मोज्याला पडलेल्या लांब फटीला अमेरिकन इंग्रजीत ‘रन’ म्हणतात, तर ब्रिटिश इंग्रजीत ‘लॅडर’. लेखक कोठला आहे हे ठाऊक असेल, तर अशी सूचना अर्थाचा निकाल लावते.

टप्पा ७ : मराठी क्रियापद निवडणे

अर्थ समजल्यानंतर मूळ शब्द बाजूला ठेवावा आणि संपूर्ण प्रसंग मराठीत कसा सांगितला जाईल, हे स्वतःला विचारावे. ‘आय ॲम रनिंग लेट’ म्हणजे ‘मला उशीर होतोय’. मराठीत कर्ता बदलला, क्रियापद बदलले, तरी अनुवाद अचूक आहे. ‘द रिपोर्ट रन्स टू ३०० पेजेस’ म्हणजे ‘अहवाल ३०० पानांचा आहे’. येथे क्रियापदाला मराठीत जागाच उरत नाही.

‘चालवणे’ हे क्रियापद अनेक ठिकाणी खपते, म्हणून ते सर्वत्र वापरण्याची सवय लागते. ‘त्यांनी बातमी चालवली’ असे आता सर्रास ऐकू येते. लिखाणात ‘दिली’ किंवा ‘छापली’ हे शब्द असताना त्याची आवश्यकता नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका वाक्यावर पूर्ण प्रयोग

‘द मीटिंग रॅन लेट, अँड बाय द टाइम शी गॉट होम हर नोज वॉज रनिंग, शी वॉज रनिंग अ फीव्हर, अँड दे हॅड रन आउट ऑफ मेडिसिन.’ या वाक्यात शब्द चार वेळा आला आहे आणि चारही वेळा क्रियापद आहे. पहिल्या ठिकाणी कर्म नाही, पुढे ‘लेट’ आहे आणि कर्ता सभा आहे. म्हणून सभा लांबली. दुसऱ्या ठिकाणी कर्म नाही आणि कर्ता नाक आहे. तिसऱ्या ठिकाणी ताप हे कर्म आहे, त्यामुळे कर्त्याकडे पाहण्याचीही गरज पडत नाही. चौथ्या ठिकाणी ‘हॅड’मुळे ‘रन’ हे धातुसाधित आहे, आणि मागोमाग ‘आउट ऑफ’ असल्यामुळे संपणारी वस्तू कर्त्यात नसून शेवटी आहे. अनुवाद असा होईल : ‘सभा लांबली, आणि ती घरी पोहोचेपर्यंत तिच्या नाकाला धार लागली होती, अंगात ताप भरला होता आणि घरातले औषधही संपले होते.’ मूळ वाक्यात घरातले असे म्हटलेले नाही. ‘दे’ हे घरातल्या माणसांसाठी आले आहे, असा निष्कर्ष आधीच्या वाक्यांवरून काढावा लागतो. तो आधार नसेल, तर ‘त्यांच्याकडचे औषध’ असेच लिहावे.

नोंद ठेवण्याची रीत

वहीत ‘रन म्हणजे चालवणे, वाहणे, पत्करणे’ अशी अर्थांची माळ लिहिण्याचा काही उपयोग होत नाही. प्रत्येक नोंद जोडीने करावी : ‘रन अ रिस्क’, धोका पत्करणे, ‘रन ड्राय’, आटणे. जोडीसोबत ज्या वाक्यात ती सापडली ते मूळ वाक्य लिहावे, आणि अर्थ संदर्भावरून अंदाजाने लावला असेल, तर कडेला प्रश्नचिन्ह करावे. तीच जोडी दुसऱ्या मजकुरात त्याच अर्थाने पुन्हा भेटेपर्यंत ते प्रश्नचिन्ह खोडू नये.